नाक्यावर उभे राहणारे : ताब्यातील शहरांच्या अभ्यासाला प्रस्तावना

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौला संगीताचे महाविद्यालय काढले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ आज कैसरबागेत, अवधचा नवाब वाजिद अली शाह याच्या परीखान्याच्या आवारात आहे. लखनौला गेलेला मराठी माणूस तिथे बहुधा डोकावतो आणि तानपुऱ्यांचे सूर कानात घेऊन परततो. १४ मार्च १८५८ रोजी याच कैसरबागेत इंग्रजांचा सेनापती सर कॉलिन कॅम्पबेल याची फौज शिरली. त्या दिवशी आणि पुढच्या दोन-चार दिवसांत इथे काय काय लुटले गेले, हे आपल्याला बऱ्यापैकी तपशिलाने वाचायला मिळते. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात चौकातल्या अत्तरवाल्याला दुकान उघडायला कोणाला विचारावे लागत होते, गोमतीपलीकडून दूध घेऊन येणाऱ्या गवळ्याला कुठे अडवीत होते, हे शोधू गेल्यास कागद फारसे बोलत नाहीत. लढाईला साक्षीदार पुष्कळ लाभतात. लढाई संपल्यावर जे दिवस सुरू होतात त्यांना फार थोडे. या दुसऱ्या दिवसांचा अभ्यास हा प्रस्तुत विषय.

त्यात इतिहास आहे, नगररचना आहे, कायदा आहे आणि माणसांशी बोलत हिंडणाऱ्या समाजशास्त्रज्ञाचे कामही आहे. गेल्या तीन-चार दशकांत या विषयाला जी धार आली ती मुख्यतः पॅलेस्टाइनमुळे. १९६७ पासून लष्करी ताब्यात असलेल्या वेस्ट बँकेतली गावे, तिथले नाके, परवाने, संचारबंदी, आणि हे सारे आपणहून जाऊन पाहणारे, लिहून ठेवणारे स्वयंसेवक यांवर आता भरपूर लेखन झाले आहे. तरीही नव्याने येणाऱ्याच्या हातात मी पॅलेस्टाइनवरचे पुस्तक आधी देत नाही. आधी लखनौचा नकाशा देतो. दूरच्या माणसांच्या दुःखाबद्दल आपले मत चटकन तयार होते. ओळखीच्या शहराकडे पाहताना ते थोडे अडखळते, आणि अभ्यासाला हे अडखळणे उपयोगी पडते.

लखनौ इंग्रजांनी दोनदा घेतले. फेब्रुवारी १८५६ मध्ये डलहौसीच्या हुकुमाने अवध खालसा झाले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला. ३० जून १८५७ रोजी चिनहटला इंग्रजांचा पराभव झाल्यावर शहर बंडवाल्यांच्या हाती आले, बेगम हजरत महलचा मुलगा बिर्जीस कद्र गादीवर बसला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. सप्टेंबरात हॅवलॉक आणि आउट्रम वेढ्यातल्यांपर्यंत पोचले खरे, पण शहराच्या गल्ल्यांतून जाताना त्यांची पाचशेहून अधिक माणसे पडली किंवा जखमी झाली. खुद्द जनरल नील तिथेच मारला गेला. मार्च १८५८ मध्ये कॅम्पबेल मोठी फौज घेऊन आला तेव्हा ही आठवण ताजी होती. त्याच्या इंजिनियरांनी रस्ते टाळले. बेगम कोठीपासून कैसरबागेच्या दिशेने ते घरांच्या आणि आवारांच्या भिंती फोडत, आतल्या आत पुढे सरकले.

ज्यांनी एयाल वाइझमन यांचे २००७ साली निघालेले ‘हॉलो लँड’ वाचले आहे त्यांना इथे काहीतरी आठवेल. एप्रिल २००२ मध्ये नाब्लुसच्या जुन्या वस्तीत इस्रायली सैनिक असेच भिंती फोडून एका घराच्या बैठकीतून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेले. तेव्हा ही युक्ती मोठी नवी आणि तात्त्विक म्हणून सांगितली गेली. लखनौच्या वाचकाला ती दीडशे वर्षांपूर्वीची वाटेल. इतकेच साम्य दाखवून थांबणे मात्र आळशीपणाचे. दोन्हीकडे पुढे काय केले गेले, हे खरे पाहायचे.

लखनौत शहर पुरते हाती आल्यावर आठवड्याच्या आतच, २६ मार्च १८५८ रोजी, कर्नल रॉबर्ट नेपियर यांनी एक टिपण सादर केले. विषय होता लखनौ शहराचा लष्करी ताबा. म्हणजे आपण आज ‘ताबा’ हा शब्द मागाहून चिकटवीत नाही, तो त्यांचाच आहे. नेपियर यांचे गणित सरळ होते. दाट मोहल्ले आणि नागमोडी गल्ल्या बंडवाल्याच्या सोयीच्या, म्हणून शहरातून रुंद, सरळ रस्ते काढावेत, ते लष्करी ठाण्यांना जोडावेत, आणि मच्छीभवनाचा किल्ला करून त्याच्याभोवती तोफेच्या माऱ्यासाठी मोकळे मैदान राखावे. तसे झाले. व्हिक्टोरिया स्ट्रीट हा त्यांतला एक रस्ता. आसफउद्दौलाच्या मोठ्या इमामबाड्यात, जिथे मोहरमच्या मजलिशी भरत, फौज राहिली. आजचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ मच्छीभवनाच्या जागेवर उभे आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत कोणाला तोफांचे मैदान आठवत नाही, आणि आठवावे असा आग्रहही नाही.

वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला ‘द मेकिंग ऑफ कलोनियल लखनौ’ हा या क्षेत्रातला आपल्याकडचा पायाभूत ग्रंथ. १८५६ ते १८७७ हा त्याचा काळ. शहराचा सुमारे दोन पंचमांश भाग या पाडापाडीत गेला, असा त्यांचा हिशेब आहे. पण मला या ग्रंथाचे मोल पुढच्या प्रकरणांत अधिक वाटते. सुरक्षा, स्वच्छता आणि राजनिष्ठा या तीन मागण्या नव्या राजवटीने शहरापुढे कशा ठेवल्या, आणि लष्करी गरज हळूहळू नगरपालिकेच्या भाषेत कशी बोलू लागली, हे त्या एकेका फायलीतून दाखवतात. पहिल्या वर्षी रस्ता तोफेसाठी रुंद असतो. दहाव्या वर्षी तोच हवेसाठी आणि गटारासाठी रुंद असतो. पहिल्या वर्षीचा पहारेकरी हत्यार शोधतो, नंतरचा जकात घेतो. ताबा असा मुरत जातो, आणि मुरल्यावर त्याला कोणी ताबा म्हणत नाही. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून बाजारातल्या बायकांची वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली, तीही आरोग्याच्याच नावाने.

याच कामात ओल्डेनबर्गना लखनौच्या नगरपालिकेच्या जुन्या कर-नोंदींत एक चकित करणारी गोष्ट सापडली. सर्वाधिक कर भरणाऱ्यांत नाचगाणे करणाऱ्या स्त्रिया होत्या. बंडाला मदत केल्याबद्दल ज्यांची मालमत्ता जप्त झाली त्यांच्या याद्यांतही तवायफा होत्या. कर वसूल करणाऱ्याने केवळ वसुलीसाठी लिहिलेल्या ओळीतून शंभरेक वर्षांनी एका अख्ख्या समाजाचे आर्थिक वजन कळावे, हा या विषयातला मोठा आनंद आहे. आणि मोठी अडचणही. कारण त्या ओळीत ती बाई स्वतः काही बोलत नाही.

मग प्रत्यक्ष पाहणारे कोण होते? ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेल होता. तो क्रिमियाच्या युद्धात नाव कमावून आलेला, डोळ्याने तीक्ष्ण आणि सूडबुद्धीच्या बाबतीत आपल्याच लोकांना खडसावणारा. कैसरबागेच्या लुटीचे त्याचे वर्णन आजही वाचवत नाही इतके नेमके आहे. पण तो सेनापतीच्या तळावर राहत होता, त्यांच्याच पंगतीला जेवत होता, आणि एका शिपायाने लुटीतली रत्ने विकायला काढली तेव्हा खिशात रोकड नसल्यामुळे सौदा हुकला, हेही त्यानेच लिहिले आहे. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. साक्षीदार कुठे उभा होता हे त्यातून कळते: आत, सैनिकांच्या बाजूला. फेलिचे बेआतो कॅमेरा घेऊन मागाहून पोचला. १६ नोव्हेंबर १८५७ च्या कत्तलीनंतरच्या सिकंदरबागेचे त्याचे छायाचित्र जगभर पाहिले गेले. त्यात पुढे दिसणारी हाडे चित्रासाठी उघडी करून मांडली होती, असे अभ्यासक मानतात. अगदी निराळी बाजू दारोगा अब्बास अली याची. हा लखनौचाच माणूस, नगरपालिकेत इंजिनियर. १८७४ साली त्याने पन्नास छायाचित्रांचा ‘द लखनौ आल्बम’ शहराच्या नकाशासह काढला. पण तो कोणासाठी? बंडाची ठिकाणे पाहायला येणाऱ्या साहेबांसाठी. स्थानिक डोळा म्हणजे आपोआप शहराचा डोळा, असे मानू नये.

नाक्याचे वर्णन शोधत हिंडणाऱ्याला लखनौपेक्षा दिल्लीत अधिक सापडते, आणि तेही एका कवीच्या पत्रात. १८५९ साली मीर मेहदी मजरूह यांना लिहिताना मिर्झा गालिब सांगतात की लाहोरी दरवाज्याचा ठाणेदार रस्त्यावरच मोढा टाकून बसतो. गोऱ्याची नजर चुकवून बाहेरून जो आत येतो त्याला तो पकडून कोठडीत टाकतो. मग पाच फटके किंवा दोन रुपये दंड, आणि आठ दिवसांची कैद. शहरात राहायला तिकीट लागते, आणि ते कोणाजवळ आहे, कोणाजवळ नाही याची यादी करण्याचा हुकूम सगळ्या ठाण्यांना सुटला आहे. जागा, पहारेकऱ्याची बैठक, शिक्षेचा दर, कागदाची अट: आजचा प्रशिक्षित निरीक्षक जे चार रकाने भरतो ते गालिबांनी भरून ठेवले आहेत. फरक इतकाच की ते हौसेने उभे नव्हते. ते त्या दरवाज्याच्या आत अडकलेले होते.

मराठीत या जातीचा साक्षीदार आपल्याकडे आहे, आणि त्याला या क्षेत्रात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी पुढे लिहिलेला ‘माझा प्रवास’ वैद्यांनी १९०७ साली छापला, तो मजकुरावर हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरची दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ ची. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय साक्षीचे संपादन म्हणजे काय ते कळत नाही. झाशी पडली तेव्हा भटजी शहरातच होते. कत्तलीचे वर्णन सगळे उद्धृत करतात. मी विद्यार्थ्याला लुटीची पाने पुन्हा वाचायला सांगतो. तिथे भटजी क्रम सांगतात: आधी सोने-चांदी, मग भांडीकुंडी, मग कपडेलत्ते, धान्य. भेदरलेला भिक्षुक लपल्या जागेवरून हे पाहतो आहे, आणि त्याच्या हिशेबी नजरेला लुटीतली शिस्त दिसते. ती रसेललाही इतकी स्वच्छ दिसली नाही. पुढे वाटेत जागोजागी आपण यात्रेकरू आहोत, कफल्लक ब्राह्मण आहोत, हे हरेक पहाऱ्यापुढे पटवत जाणे हा तर त्या प्रवासाचा अर्धा भाग आहे.

रसेल, अब्बास अली, गालिब, गोडसे. यांपैकी पाहण्यासाठी म्हणून गेलेला एकटा रसेल, तोही फौजेबरोबर. नाक्यावर आपणहून जाऊन उभे राहायचे, अधिकार काही नाही, हत्यार नाही, आणि दिसेल ते वेळ घालून लिहायचे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरची मानली जाते. तिच्या आधीचा एक कच्चा प्रयोग मात्र पुण्यात झाला होता. १८९७ च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँड याच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरोघर शिरून तपासणी करू लागले तेव्हा त्यांच्या तुकड्यांबरोबर काही स्थानिक गृहस्थ स्वयंसेवक म्हणून हिंडत. हेतू दुहेरी होता. घरच्यांना समजवायचे आणि सोजिरांच्या वागण्यावर डोळा ठेवायचा. परिणामही दुहेरी झाला. काही ठिकाणी त्यांच्यामुळे अतिरेक टळला असेल. पण उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईला तो गृहस्थ सोजिराच्याच बाजूने आत आलेला दिसत असणार.

पुण्याच्या याच प्रकरणात या क्षेत्राचा सर्वांत कडू धडा आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तिथे जाहीरपणे सांगितले. मुंबईला परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारे पुढे येऊ शकले नाहीत, त्यांची नावे गोखल्यांनी उघड केली नाहीत, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. घरी त्यांच्यावर भ्याडपणाचा शिक्का बसला. गोखले खोटे बोलले असे मला वाटत नाही. पण कोणत्या दिवशी, कोणत्या आळीत, कोणी, कोणासमक्ष, यांची उत्तरे टिकवता आली नाहीत की खरी तक्रारही अफवेच्या खात्यात जाते, आणि पुढच्या दहा खऱ्या तक्रारींना सोबत घेऊन जाते. त्याच साली पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल आपल्या नावाने, ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र छापले होते. सही करणारी व्यक्ती समोर असणे, हा फरक लहान नाही.

आता पॅलेस्टाइनकडे वळता येईल. १९७९ साली रामल्लात ‘अल-हक’ ही संस्था निघाली ती वकिलांनी काढलेली. प्रतिज्ञापत्र कसे घ्यावे हे कार्यकर्त्यांना शिकवण्यावर तिने पहिल्यापासून भर दिला. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार होऊन २९ माणसे मेली. त्यानंतर तिथे सहा देशांचे एक अधिकृत निरीक्षक पथक आले आणि इस्रायलने मुदत वाढवून न दिल्याने जानेवारी २०१९ मध्ये ते संपले. त्याचे अहवाल संबंधित पक्षांना आणि पाठवणाऱ्या देशांना मिळत, लोकांना नाही. याच्या उलट ‘मखसोम वॉच’. २००१ च्या सुरुवातीला, दुसऱ्या इंतिफादाच्या काळात, काही इस्रायली स्त्रियांनी ते सुरू केले. सदस्य फक्त स्त्रिया, पुष्कळशा वयस्क. जेरुसलेमजवळचा कलंदिया, नाब्लुसजवळचा हुवारा अशा नाक्यांवर सकाळ-दुपारच्या पाळ्यांत जायचे, किती माणसे किती वेळ थांबली, कोणाला का परत पाठवले ते लिहायचे आणि लगेच सर्वांसाठी खुले करायचे. २००२ पासून जागतिक चर्च परिषदेचा कार्यक्रम निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक तीन-तीन महिन्यांसाठी तिथे पाठवू लागला. पहाटे नाका ओलांडणारे मजूर मोजणे, शाळेच्या वाटेवर मुलांसोबत चालणे, असे त्यांचे काम.

मखसोम वॉचच्या स्त्रियांच्या नोंदींत रक्तपात क्वचित असतो. वाट पाहणे असते, आणि नियम रोज बदलणे. काल चाललेला कागद आज चालत नाही, आणि का ते नाक्यावरच्या एकोणीस वर्षांच्या सैनिकालाही ठाऊक नसते. त्याची भीतीही नोंदीत यायला हवी. त्या वर्षांत बसमध्ये, उपाहारगृहांत आत्मघातकी स्फोट होत होते आणि नाक्यांचे समर्थन इस्रायल त्याच आधारावर करत होते. ते वगळणारा निरीक्षक अर्धे चित्र देतो. पण ते लिहून झाल्यावरही एक प्रश्न उरतो. पॅलेस्टिनी गावाला पॅलेस्टिनी गावापासूनच तोडणारे नाके, म्हणजे हुवारासारखे, कोणाच्या सुरक्षेचे होते? हा प्रश्न उभा राहू शकला तो कंटाळवाण्या, रोजच्या रोज भरलेल्या नोंदींमुळे.

पुण्याची ती दुहेरी अडचण इथेही पाठ सोडत नाही. मखसोम वॉचच्या संस्थापकांपैकी एक, यहुदित केशेत, यांनी २००६ मध्ये ‘चेकपॉइंट वॉच’ लिहिले. त्यात त्या हाच वाद मांडतात: आपण फोन करून एका आजाऱ्याला पलीकडे सोडवतो तेव्हा नाक्याला विरोध करतो, की नाका सुसह्य करून त्याचे आयुष्य वाढवतो? त्यांच्या संघटनेतच यावर एकमत नव्हते. आमच्याकडच्या सत्यशोधन समित्यांना हा पेच सहसा पडत नाही. आणीबाणीतून आणि नंतर उभ्या राहिलेल्या नागरी हक्क संघटना, दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसेवर १९८४ मध्येच निघालेला ‘हू आर द गिल्टी?’ हा अहवाल, ही परंपरा मोठी आहे. पण ती घटना घडून गेल्यावर जाणाऱ्यांची आहे. घटना घडत असताना शेजारी उभे राहणारा निराळ्या जबाबदारीत सापडतो, कारण त्याच्या असण्याने घटना बदलते. पाळी संपल्यावर तो घरी जातो, हेही विसरता येत नाही. २००२ च्या संचारबंदीतल्या रामल्लाबद्दल सुआद अमिरी यांनी सासूबाईंना घरी आणून ठेवावे लागले त्या दिवसांची जी तिखट, हसवणारी रोजनिशी लिहिली, ती कोणत्याही स्वयंसेवकाला लिहिता आली नसती.

लखनौला अशी रोजनिशी उशिरा आणि दुसऱ्या रूपात मिळाली, आणि तीत मराठीचा हात आहे. चौकात राहणारे हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी गोडसे भटजींचे पुस्तक ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत आणले. मग १९५७ साली ते स्वतःच अवधच्या जिल्ह्यांतून हिंडले, गावोगावच्या म्हाताऱ्यांना बंडाबद्दल विचारले, आणि ‘गदर के फूल’ लिहिले. शंभर वर्षांनंतरच्या आठवणी पुरावा म्हणून किती धरायच्या हा वाद रास्त आहे. पाडलेली गढी किंवा गावाबाहेरचा फाशीचा वड लोक बिनचूक दाखवत, पण तारखांची सरमिसळ करत. नागरांनी ती सरमिसळ निस्तरण्याची फार घाई केली नाही, हे चांगलेच झाले.

वाचायला बसताना क्रम माझ्या मते असा ठेवावा: ओल्डेनबर्ग आणि गोडसे बरोबरीने, मग नागर, मग केशेत आणि अमिरी. रुद्रांगशू मुखर्जींचे ‘अवध इन रिव्होल्ट’ लढाईच्या पार्श्वभूमीसाठी लागेल तेव्हा उघडावे. अब्दुल हलीम शररचे ‘गुजिश्ता लखनौ’ रसाळ आहे, पण ते हरवलेल्या दरबाराकडे वळून पाहते, नाक्याकडे नाही. नकाशा मात्र पहिल्या दिवसापासून जवळ हवा. अब्बास अलीचा चालेल. नेपियर यांचे रस्ते त्यावर लाल पेन्सिलीने ओढून घ्यावेत आणि ते कोणत्या मोहल्ल्यांतून आरपार जातात त्यांची नावे समासात लिहावीत, म्हणजे पुढे एखाद्या करनोंदीत किंवा अर्जात तेच नाव आले की तो माणूस रस्त्याच्या कोणत्या बाजूला राहत होता हे लगेच शोधता येईल.